दाजींच्या टाचेचं कलम

तोंडवलीत दाजी खवणेकरांच्या उपकाराखाली नसलेला माणूस शोधायचा म्हटलं, तर नुकत्याच जन्मलेल्या पोरापासून सुरुवात करावी लागेल. आणि तिथेही खात्री नाही; त्या पोराच्या आईला मालवणला न्यायला रिक्षा बहुतेक दाजींनीच ठरवून दिलेली असणार. दाजींचा धंदा कलमं बांधण्याचा. हापूसची, काजूची, आचऱ्यापासून देवबागेपर्यंत कितीतरी बागा त्यांच्या हातच्या. पण खरा नाद लोकांची कामं करून देण्याचा. तलाठ्याकडचा सात-बारा काढून दे, पोराचं कॉलेजात नाव घाल, कोणाचं लग्न जुळव, जुळवलेलं मोडायला आलं की पुन्हा सांध. हे सगळं फुकट. फुकट म्हणजे पैसे न घेता. मात्र माणसाने चारचौघांत दाजींचं नाव काढलं पाहिजे, आणि काढताना थोडं गहिवरलं पाहिजे, एवढी माफक अपेक्षा असायची.

लोक गहिवरायचेही. आमच्याकडचा माणूस एक वेळ देताना हात आखडेल, पण शब्दाला कमी पडायचा नाही. "दाजी, तुमी होतास म्हणान", "दाजी, जीव मागा" असं काहीबाही रोजचंच होतं. त्यात सगळ्यांवर कडी केली ती सत्यवानाने. हा दाजींच्या चुलतभावाचा मुलगा. दाजींनी घरोघर फिरून त्याला ग्रामपंचायतीत निवडून आणलं. निकालाच्या दिवशी गुलालाने माखलेला सत्यवान देवळासमोर दीडशे माणसांत दाजींच्या पायावर पडला आणि म्हणाला, "दाजीकाका, माज्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले, तरी उपकार फिटाचे नाय!" दाजींनी त्याला उठवून छातीशी धरलं. पांढरा सदरा गुलाबी झाला. काशीबाईंनी, म्हणजे दाजींच्या बायकोने, तो तीनदा धुतला तरी डाग जाईना. दाजी म्हणाले, "ऱ्हवांदे गो. मानाचो डाग आसा."

आणि देवाची करणी नि नारळात पाणी म्हणतात ते असं, की त्याच सत्यवानाच्या मोटरसायकलने दाजींच्या टाचेचं कातडं नेलं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आचऱ्याच्या बाजारातून येताना दाजी सत्यवानाच्या मागे बसले. दाजी पंचा नेसत, त्यामुळे बायकांसारखे दोन्ही पाय एका अंगाला टाकून बसायचे. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी असते, ती सत्यवानाने गाडीची शोभा जाते म्हणून काढून टाकली होती. एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून तो कोणाला तरी रस्त्याचं टेंडर समजावून देत होता. खड्डा आला. ज्या रस्त्याचं टेंडर चाललं होतं त्याच रस्त्यातला खड्डा, असं लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे. दाजींचा पाय सटकला आणि उजवी टाच फिरत्या चाकाच्या तारांत गेली. चपलेला ओरखडासुद्धा आला नाही. टाच तेवढी सोलून निघाली.

कणकवलीच्या एका इस्पितळात दाजींना नेलं. तिथल्या डॉक्टर आकांक्षा बिराजदार लातूरकडच्या, वयाने तिशीच्या आतबाहेर. त्यांना मालवणी निम्मी कळायची. उरलेली निम्मी त्या मान डोलवून भागवायच्या. त्यांनी दोनदा जखम साफ केली, मेलेलं मांस काढून टाकलं, आणि मग पलंगाशी स्टूल ओढून बसल्या.

"दाजी, नुसती वरवरची जखम असती, तर मांडीची पातळ साल काढून चिकटवली असती. पण तुमचं हाड उघडं आहे. आणि टाचेवर सगळ्या अंगाचा भार येतो. तिथं जाड कातडी लागते, खालच्या चरबीसकट, तिच्या रक्तपुरवठ्यासकट. ती बसवली नाही तर हाड सडेल, पायावर उभं राहणं कठीण होईल. ह्याला आम्ही फ्लॅप म्हणतो."

फ्लॅप दाजींच्या डोक्यावरून गेला. बाईंनी ते ओळखलं. त्यांनी कागद चाळले, धंदा काय लिहिलाय ते वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तुमच्या भाषेत सांगते. टाचेवर कलम बांधायचं."

"कलम?" दाजी उठून बसले. "मगे काडी खंयची?"

"जवळची," बाई म्हणाल्या. "जितकी जवळची तितकी चांगली धरते. फक्त तिचं रक्ताचं नातं तुटू द्यायचं नाही. तेवढं सांभाळलं की झालं."

तेवढ्यात खाली कोणी अपघाताचा पेशंट आला आणि बाई उठून धावत गेल्या.

आता बाईंच्या मनात जवळची म्हणजे टाचेजवळची, दाजींच्याच पोटरीवरची कातडी. आणि रक्ताचं नातं म्हणजे तिच्यात जाणाऱ्या रक्ताच्या नळ्या. त्या बिचारीचं काय चुकलं? पण ऐकणारा होता पन्नास वर्षं कलमं बांधणारा. कलमात काडी कधी त्याच झाडाची नसते. खाली रोप कसलंही गावठी चालतं, वर काडी दुसऱ्या, जातिवंत झाडाची लागते. हे तोंडवलीतलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा जवळच्या माणसाची, रक्ताच्या नात्यातल्या माणसाची कातडी आणून आपल्या टाचेवर बांधायची, असं दाजींनी समजून घेतलं, आणि गंमत म्हणजे त्यांना हायसं वाटलं. माणसांची त्यांना काय कमी?

घरी आल्यावर संध्याकाळी पडवीत पंधरावीस माणसं जमली. शहाळ्यांचा ढीग पडला होता. दाजी पाय उशीवर ठेवून आरामखुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टरीण म्हणाली, कलम करूचा लागतला. जवळच्या माणसाची कातडी व्हयी. रक्तातली असली तर उत्तम. लय नाय, वीतभर पुरे."

एवढं बोलून ते थांबले. आता कोण आधी उठतो, कोणाला नाही म्हणावं, कोणाला कसं समजवावं, याची त्यांनी मनातल्या मनात तयारीसुद्धा केली होती. शेजारच्या घरातल्या कुकरची शिटी स्पष्ट ऐकू आली. मग एकाला गुरांना पाणी पाजायचं आठवलं. दुसऱ्याला त्या गुरांवरून स्वतःची गुरं आठवली. वास्तविक त्याच्याकडे गुरं नव्हती. पळा पळा कोण पुढे पळे तो! पाच मिनिटांत पडवीत दाजी, शहाळी आणि रिकाम्या कपबशा गोळा करणाऱ्या काशीबाई तेवढ्या उरल्या.

"भियाले," दाजी म्हणाले. "इचार करूक येळ लागताच. फाल्या येतीत."

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सत्यवान आला. खळ्यात, म्हणजे अंगणातच उभा राहिला, वर चढला नाही.

"दाजीकाका, मी कदीय तयार आसय. तुमका ठावक आसा. पण माका नायटो आसा."

"खंय?"

"सगळीकडे."

"आणि आजपर्यंत कदी बोललंस नाय तो?"

"बोलतलंय कसो? जागाच तशी," असं म्हणून सत्यवानाने पुराव्यादाखल जरा खाजवून दाखवलं आणि गाडीला किक मारली.

मुलगा जितेंद्र मुंबईत नोकरीला. त्याचा फोन आला. "पपा, टेन्शन घेव नका. आता सगळा ऑनलाइन मिळता. मी बघतंय." दोन दिवसांनी त्याने मोबाइलवर काहीतरी पाठवलं. दाजींनी शेजारच्या मुलीकडून उघडून घेतलं, तर मऊ तळव्याच्या चपला होत्या, निळ्या आणि काळ्या अशा दोन रंगांत.

मग आला मुनीर. आचऱ्याच्या बाजारातला आंब्याचा व्यापारी, दाजींचा चाळीस वर्षांचा दोस्त. तो येऊन समोर बसला, काशीबाईंनी दिलेला चहा सावकाश प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "दाजी, मी घरात रुकय्याशी बोललंय. दोन दिवस तोच इचार करतंय. माका भय वाटता रे. माका साध्या सुयेचोसुद्धा भय वाटता. तुका रोज कणकवलीक न्हेतंय-आणतंय, माजी गाडी आसा. पण कातडी माका जमाची नाय."

तुम्हाला वाटेल, दाजींना या सरळपणाचं बरं वाटलं असेल. छे! सगळ्यांत जास्त राग त्यांना मुनीरचाच आला. तो गेल्यावर ते काशीबाईंवर ओरडले, "चाळीस वर्षां बसलो-उठलो माज्याबरोबर! आणि तोंडावर नाय म्हणता? मेल्यान निदान नायटो तरी सांगूचो होतो!"

मुनीरची गाडी मात्र तेव्हापासून दर ड्रेसिंगच्या दिवशी बरोबर आठ वाजता दारात यायला लागली. दाजी तिच्यात बसायचे, पण कणकवली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत.

त्या आठवड्यात दाजी खचले. खोटं कशाला सांगू, माणूस वाईट नव्हता. पडल्या पडल्या ते बोटांवर मोजायचे, कोणाकोणाला आपण उभं केलं. तेवीस नावं व्हायची. तेविसांतला एक येत नाही? एक? टाचेच्या दुखण्यापेक्षा हे दुखणं मोठं होतं. एकदा जेवताना त्यांना एकदम रडूच आलं आणि आमटी तिखट झाली म्हणून त्यांनी ते निभावून नेलं. काशीबाईंचं नाव त्या तेविसांत नव्हतं. मुद्दाम वगळलं होतं असंही नाही. घराच्या खांबाचं नाव कोणी पाहुण्यांच्या यादीत घालतं का?

मग एका मंगळवारी ड्रेसिंगला गेले असताना काशीबाई खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई आल्या, जखम बघून खूश झाल्या. "लाल झालीय छान. पुढच्या गुरुवारी करून टाकू." त्यांनी दाजींना पालथं झोपवलं आणि जांभळ्या पेनाने त्यांच्या पोटरीवर रेघा मारायला सुरुवात केली.

"ह्या काय करतास?"

"खुणा. इथली कातडी उचलायची, खालचा हा एवढा पट्टा तसाच जोडलेला ठेवायचा, आणि फिरवून टाचेवर बसवायची. पोटरीवर जी जागा उघडी पडेल तिथं मांडीची साल लावू."

"म्हणजे माजीच?"

"मग कोणाची?" बाई हसल्या. "दुसऱ्याची कातडी अंग घेत नाही, दाजी. थोड्या दिवसांनी झिडकारून टाकतं. आपलीच लागते."

दाजी पालथे होते म्हणून, नाहीतर बाईंना त्यांच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक किती रंग येऊन गेले ते दिसलं असतं. आधी लाज वाटली, कलमवाल्याला कलम कळलं नाही याची. मग सुटका. आणि मग, ओठांच्या कोपऱ्यातून, हसू. म्हणजे कोणाची वीतभर कातडी नको होती, आणि ती न देण्यासाठी अख्खा गाव नायट्यासकट उघडा पडला होता!

काशीबाई औषधं घेऊन वर आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"गुरवारी करतली," दाजी म्हणाले. पुढचं गिळून टाकलं. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्यांचं एक मत होतं. ज्या बाईने एक्केचाळीस वर्षांत नवऱ्याचं एकही लफडं शेजारणीला कळू दिलं नाही तिच्याविषयी हे मत! पण मताला पुरावा लागतो असं कुठे आहे? ह्या गाववाल्यांका जरा शिजांदेत, दाजींनी ठरवलं. गुरुवारपर्यंत.

पुढचे नऊ दिवस दाजींनी जी मजा केली, तशी तरुणपणीही केली नसेल. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी शेजारच्या मुलीकडून संदेश टाकून घेतला: 'ऑपरेशन गुरुवारी आहे. कातडी देणाऱ्याने उपाशीपोटी यावे. नाव आधी कळवावे.' त्यावर हात जोडल्याची चौदा चित्रं आली. सत्यवानाने गुलाबाचं फूल टाकलं. दोघे ग्रुप सोडून गेले. समोरच्या रस्त्याने जाणारे लोक खळ्याशी आले की पावलं उचलायला लागायचे, आणि दाजी पडवीतून मुद्दाम हाक मारायचे, "काय रे, कातडी बरी आसा मा?"

ठेवणीतलं एक वाक्यही त्यांनी तयार केलं. ऑपरेशन झालं, सगळे बघायला आले, की म्हणायचं: 'बाबांनू, तुमची कातडी तुमकाच ऱ्हवांदे. माजी माका पुरली.' ते वाक्य ते आंघोळीच्या वेळी मोठ्याने घोकायचे.

या सगळ्यात काशीबाईंचं काहीतरी बिनसलं होतं. त्या संध्याकाळी न्हाणीत जाऊन बराच वेळ खोबरेल तेल चोळत बसत. सुकटीला हात लावीनात. अंगाला खाज सुटते म्हणाल्या. मासे तळायचे तर शेजारणीला बोलावून घ्यायच्या आणि स्वतः लांब उभ्या राहायच्या, तेल उडू नये म्हणून. एका सकाळी आरोग्य उपकेंद्रातल्या बाईंकडे जाऊन आल्या.

"म्हातारपणी काय नटूक लागलंस गो?" दाजींनी चेष्टा केली.

"कातडी सुकता," काशीबाई म्हणाल्या.

एकदा पेजेचं ताट ठेवताना त्यांनी विचारलं, "ओ, मांडयेची घेतत काय पाठीची?"

"तुका कित्याक चौकश्यो? तू लोणचा वाढ."

त्यांनी लोणचं वाढलं.

गुरुवारी सकाळी मुनीरची गाडी आली. दाजींना तोंडात पाणीही घालायचं नव्हतं. काशीबाईंनीही घातलं नाही. दाजींना वाटलं, गुरुवारचा उपास. त्या मागे बसल्या, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. मुनीर गाडी चालवत होता आणि एकदाही आरशात बघत नव्हता.

इस्पितळात पोचले, दाजींना हिरवा झगा घालून ढकलगाडीवर निजवलं, आणि दारातून सत्यवान आत आला. मागे चारपाच माणसं, दोघांचे मोबाइल उघडे.

"दाजीकाका!" तो एवढ्याने ओरडला की बाजूच्या खाटेवरचा माणूस जागा झाला. "मी इलंय! खंयची व्हयी ती घेवा! मांडी घेवा, पाठ घेवा!"

दाजींच्या क्षणात लक्षात आलं. वॉर्डातली सिस्टर सलोनी तोंडवलीचीच माहेरवाशीण. तिने काल घरी फोनवर सांगितलं असणार, आणि आता गावाला कळलं होतं की कोणाचीच कातडी नको आहे.

"आणि नायटो?" दाजींनी विचारलं.

"बरो झालो," सत्यवान म्हणाला. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं त्याने. काय माणूस आहे!

दाजींनी घसा खाकरला. नऊ दिवस घोकलेलं वाक्य ऑपरेशननंतरसाठी होतं, पण एवढे लोक, एवढे मोबाइल पुन्हा कुठे मिळणार? ते जरा उठून बसले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, आणि काशीबाई माणसांतून वाट काढत पुढे झाल्या.

"डॉक्टर, कालच्या रातीपासना पोटात काय नाय. पाणीसुद्धा नाय. साखर तपासून घेतलंय, बरी आसा. ह्यो कागद." उपकेंद्राची चिठ्ठी त्यांनी पुढे केली. मग पिशवीतून आणखी एक कागद काढला. जुन्या कॅलेंडरचं पान होतं, टाचेच्या आकाराचं कापलेलं. "ह्या तेंच्या टाचेचा माप. निजल्यावर घेतलंय. दोन बोटां जास्ती धरलंय, शिवणीत जातली म्हणान. माजे उजवे मांडयेवर बरोबर बसता. तेल लावन मऊ केलंय. पुरात मा?"

डॉक्टरीणबाईंना सगळे शब्द कळले नसतील. पण कागद कळला. त्यांनी तो हातात घेतला.

"आजी, हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?"

"कोणी सांगूक नाय. जवळची व्हयी म्हणालास मा तुमी."

बाई दाजींकडे वळल्या. "दाजी, मी तुम्हाला त्या मंगळवारीच सांगितलं होतं ना? दुसऱ्याची चालत नाही, तुमचीच पोटरी घ्यायची. पेनाने खुणा केल्या होत्या. तुम्ही घरी सांगितलं नाहीत?"

वॉर्डात सगळे दाजींकडे बघत होते. सत्यवान हळूच मागच्यांना म्हणाला, "बंद करा रे ता." दोन्ही मोबाइल खाली गेले. मुनीर दाराशी उभा होता, तो बाहेर जाऊन बाकावर बसला. ठेवणीतलं वाक्य दाजींच्या तोंडात होतं तिथेच सुकलं.

डॉक्टरीणबाईंनी ड्रेसिंग सोडलं आणि तो कागद दाजींच्या टाचेवर ठेवून पाहिला. "अगदी बरोबर आहे हो, आजी," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा आधी असाच कागद कापते. हा मी घेऊन जाते." त्यांनी सत्यवानाच्या मंडळींना बाहेर काढलं, सिस्टरला काहीतरी सांगितलं आणि आत हात धुवायला गेल्या.

ढकलगाडीपाशी दोघंच उरली. काशीबाई पिशवीची घडी घालत होत्या. एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तुमका त्या मंगळवारपासना ठावक होता," त्या म्हणाल्या.

"त्या लोकांची गंमत बघी होतंय गो. तुजी नाय."

"माजी नाय ता माका ठावक आसा. सगळ्या गावाक इचारलास. मोबाइलवर घातलास. मुनीरभावांवर रागावलास. माका कित्याक नाय इचारलास?"

दाजींकडे खरं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं: तू आठवलीच नाहीस. पन्नास वर्षं लोकांची कामं करणाऱ्या माणसाला वेळेला शब्द सापडतोच. ते म्हणाले, "तुजी धरलेलीच होती मा मी."

काशीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी या माणसाचं खोटं पुष्कळदा ऐकलं होतं आणि ते ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण त्यांनी दुसरंच विचारलं, साधं, बाजारात भाव विचारावा तसं.

"आणि उद्या माका लागली तर? तुमी देतलास?"

"दुसऱ्याची चलत नाय गो," दाजी म्हणाले. "डॉक्टरीण आताच बोलली मा."

हे उत्तर इतकं चटकन आलं की दाजींना स्वतःलाच ते बाहेरून कोणी बोलल्यासारखं ऐकू आलं. शब्द न् शब्द खरा होता. डॉक्टरच्या तोंडचा होता. तेविसांतल्या एकालाही इतकी बिनतोड सबब सुचली नव्हती.

काशीबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "व्हय, चलत नाय," त्या म्हणाल्या. त्यांनी दाजींच्या पायावरची चादर सारखी केली, पिशवी काखेत मारली. "मी खाली जावन कायतरी खातंय. चक्कर येता माका." आणि त्या निघाल्या.

वॉर्डबॉय आला. त्याने गाडीचा ब्रेक सोडला. वरचे दिवे सरकू लागले. दाजींनी मान वळवून पाहिलं. काशीबाई कठड्याला धरून, एकेक पायरी बघत जिना उतरत होत्या. मग डोकं दिसेनासं झालं.

"देतलंय," दाजी म्हणाले.

वॉर्डबॉय वाकला. "काय म्हणालास, आजोबा?"

"काय नाय," दाजी म्हणाले. "चल."